पडद्यावरची आई

पुस्तक लिहिताना लेखिकेला कसलीच भीती वाटली नव्हती. आईने जन्मात कधी कादंबरी हातात धरली नव्हती. मुलीच्या पुस्तकाची प्रत आली, तीही तिने कौतुकाने कपाटात कपड्यांवर ठेवून दिली. म्हणून तर लेखिकेने ती दुपार बिनधास्त लिहून टाकली. दोन्ही पोरी झोपल्यात असं समजून आईने बॅग उचलली, दाराला बाहेरून कडी लावली आणि निघून गेली, ती दुपार. धाकटी खरंच झोपली होती. मोठी, म्हणजे लेखिका, डोळे मिटून पडली होती. संध्याकाळी आई परत आली आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

पुस्तक वाचणारे असून असून किती? पण आता त्याचा सिनेमा झाला होता, आणि आई शेजारणींचा लवाजमा घेऊन पहिल्याच खेळाला हजर! तिकीट फाडणाऱ्यालाही "मुलीचा सिनेमा आहे हो" असं सांगून आली.

"आई, फार रडका आहे गं. तुला नाही आवडायचा," लेखिकेने शेवटचा प्रयत्न केला.

"गप बस. पुस्तक वाचत नाही म्हणून टोमणे मारतेस ना? आता बघू तरी दे."

दिवे मालवले आणि लेखिका मनात हिशेब करू लागली. आई उठून जाईल, सगळ्यांदेखत रडेल, की जन्मभर अबोला धरेल? पडद्यावर नटीने बॅग उचलली. कडी लागली. शेजारी आईच्या पिशवीत चाललेली खुडबुड एकदम थांबली. मान वळवायचीही लेखिकेची छाती होईना.

मग नटीने बसच्या पायरीवर पाय ठेवला, तिला पोरींचे चेहरे आठवले आणि ती धावत घरी आली. हे लेखिकेने मनानेच रचलं होतं. दिग्दर्शकाने वर व्हायोलिनं लावली होती. मागे शेजारणी मुसमुसायला लागल्या.

"पोरींपायी परत आली हो बिचारी," एक म्हणाली.

आई लेखिकेच्या कानाशी वाकली. आवाज अगदी रोजचाच.

"तू जागी होतीस?"

"हो."

"मी पोचेपर्यंत बस सुटली होती गं. दुसरी काही येईना. वाट बघून बघून परत आले." मग पडद्याकडे बघत म्हणाली, "पण हेच राहू दे. हे बरं दिसतंय."

लेखिकेने अंधारात चाचपडत आईचा हात धरला. दुसरी बस आली असती तर? दिवे लागले तरी तिने तो हात सोडला नाही.