दुर्बिणीवरची अक्षता

खंडेनवमीच्या दिवशी निशिगंधानं नियम मोडला, आणि मोडला तोही तिनं स्वतःच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलेला. दुसरा कुणाचा मोडला असता तर निदान भांडायला तरी कुणी मिळालं असतं!

कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ती दुर्बीण सांभाळायची. दुर्बीण म्हणजे तोंडातून पोटात सोडून आत बघायची ती लांब काळी नळी. ती आज एकाच्या पोटात, उद्या दुसऱ्याच्या. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर तिची आंघोळ ठरलेली: आधी साबणाचं पाणी, मग आतल्या पोकळीतून लांब ब्रश, मग यंत्रात औषधाचं पाणी, मग हवा मारून खडखडीत वाळवायची आणि कपाटात उभी टांगायची. ओल राहिली की जंतूंचं फावतं. निशिगंधाला या कामाचं भारी वेड. दोन महिन्यांपूर्वी वॉर्डातून तिला इथं आणताना डॉक्टर अनेकांत म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर ही खोली तुमची, नाहीतर परत वॉर्डात." आणि वॉर्डात तिला जायचं नव्हतं. मुळीच नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून आकाराममामा हळदीकुंकवाचं ताट घेऊन दवाखानाभर हिंडत होते. मामा म्हणजे सगळ्यात जुने शिपाई. स्ट्रेचर, वजनकाटा, कॉम्प्युटर, लिफ्टची बटणं, काही म्हणून सोडलं नव्हतं. निशिगंधानं त्यांना दारातच अडवलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या नियमाकडं बोट केलं.

"मामा, कपाटाला लावा, यंत्राच्या पत्र्याला लावा. दुर्बिणीला बोट लावायचं न्हाय."

"जिच्यावर तुझं पोट चालतंय, तिलाच तेवढं न्हाय व्हय? अजब हाय बाबा!" मामा कपाटाच्या दाराला कुंकू लावून, ताट तिथंच टेकवून चहाला गेले.

ते वाक्य निशिगंधाला टोचलं. दिवसाचे सगळे पेशंट झाले होते, आता सोमवारपर्यंत सुट्टी. गडहिंग्लजला तिचे वडील आजच्या दिवशी पान्हा-पक्कडसुद्धा पुजायचे. तिनं कपाट उघडलं. नळीच्या वरच्या टोकाच्या, हातात धरायच्या मुठीवर हळदीकुंकवाचं एक बोट लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या आणि हात जोडले. सोमवारी पहिल्यांदा धुऊनच घेऊ की, असं मनाला समजावलं आणि कपाट लावलं. कुणी बघितलं नाही.

आणि दुपारी दोनला उचगावचे बाळासो आले. एकटे नाहीत, चौदा माणसं घेऊन! नवमीचं मटण घाईघाईत खाताना एक फोड घशाखाली छातीत अडकली होती. आता मौज बघा, डॉक्टर अनेकांत जैन, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि दर नवमीला लोकांच्या गळ्यातलं मटण काढायचं काम यांच्याच नशिबी.

"निशिगंधा, दुर्बीण लावा!" डॉक्टरांनी बाहेरून आवाज दिला.

दुसरी दुर्बीण दुरुस्तीला गेलेली. तिनं कपाट उघडलं. मुठीवर कुंकू लालभडक. स्पिरिटचा एक बोळा फिरवला असता की संपलं असतं, देवाशपथ कुणाला कळलं नसतं. बोळा हातात घेतलासुद्धा तिनं. पण नळी टांगताना मुठीवरची बटणं काढून ठेवतात, आत जाणारी भोकं उघडीच असतात, आणि अक्षता तिनं मोजून थोड्याच टाकल्या होत्या! एखादा दाणा आत गेला असला तर? बोळा तिथंच टाकून ती बाहेर आली आणि चौदा माणसांसमोर एका दमात बोलून गेली, "सर, मी मघाशी दुर्बिणीची पूजा केली. हळदीकुंकू आणि अक्षता. माझीच चूक आहे. सगळं पहिल्यापासून धुवावं लागेल. एक तास."

डॉक्टरांनी बाळासोंना पुन्हा तपासलं. थुंकी गिळता येत होती, श्वास ठीक होता.

"तासभर चालेल," ते म्हणाले. "पण दिवाळीची वाट बघायला नको. सोमवारपासून तुम्ही वॉर्डात."

निशिगंधाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिकडं चौदा माणसांनी एकच गिल्ला केला. त्यातून बाळासोंची म्हातारी आई, बयाबाई, पुढं आली.

"थांबा रं! पोरी, मला दाव, काय धुतीस ते."

"आज्जी, काचेच्या पलीकडं उभ्या राहा."

बयाबाई काचेला नाक लावून उभी राहिली. निशिगंधानं हातमोजे, एप्रन, चष्मा चढवला. नळी कुठं फुटली नाही ना ते पाण्यात बुडवून बघितलं. मुठीच्या खाचा घासल्या. आतून ब्रश घातला, आणि तो पलीकडच्या टोकाला निघाला तेव्हा त्याच्यापुढं टपकन काहीतरी पडलं. आजरा घनसाळ तांदळाचा बारीक दाणा, कुंकवानं लाल.

"आगं बया बया!" बयाबाई काचेआडून ओरडली. "ह्यो माझ्या ल्येकाच्या पोटात गेला असता की गं!"

बोळा फिरवून बाहेर आली असती तर? तिनं आणखी तीनदा ब्रश घातला. मग यंत्र, मग हवा. एक मिनिटसुद्धा कमी केलं नाही. बाहेर कुणीतरी घड्याळाच्या नावानं खडे फोडत होतं, त्याला म्हातारीनंच गप्प बसवलं.

पुढचं काम दहा मिनिटांचं. फोड निघाली. बाळासो शुद्धीवर आले आणि घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारावं? "घरात मटण शिल्लक हाय न्हवं?"

सगळे खो खो हसले. डॉक्टरसुद्धा. हसता हसता ते बयाबाईला म्हणाले, "आज्जी, तुमच्या पोटाचं काय? दोन वर्षं सांगतोय, एकदा आतून बघू या म्हणून."

"घ्या की बघून. आजवर भ्या वाटायचं, कुणाच्या पोटातली नळी आपल्या पोटात घालत्यात म्हणून. पण ह्या पोरीनं धुतलेली असंल तरच! दुसऱ्या कुणाच्या हातची न्हाय चालायची मला."

"त्या सोमवारपासून वॉर्डात आहेत, आज्जी."

"का म्हणून? तिनं सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं व्हय, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"आज्जींना सोमवारी सकाळी नऊला उपाशीपोटी घेऊन या," ते नातेवाइकांना म्हणाले. मग निशिगंधाकडं न बघता, "आणि तुम्ही आठ वाजता याच खोलीत या. नऊची केस आहे."

निशिगंधाला हसू आणि रडू एकदमच आलं. पण हातांत मोजे होते, डोळे पुसायची सोय नव्हती. दुर्बीण नुकतीच बाळासोंच्या पोटातून बाहेर आली होती. तिनं सिंकमध्ये साबणाचं पाणी सोडलं आणि ब्रश उचलला.