लवंगेचा वास

“फुलं आलीत,” एवढंच म्हणून ॲन्सेल्मने पुडकं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता जिना उतरला. आमच्या कॅबरेचा हा म्हातारा दारवान एरवी दोन वाक्यांत सुटेल तर शपथ.

कागद जरासा फाडून पाहिला. कार्नेशनची फुलं. पांढरी, टपोरी, आणि मधोमध मॅनेजर क्रेपोचं कार्ड, नुसतं नाव छापलेलं.

आमच्या पॅरिसच्या नाटकवाल्यांची जुनी रीत अशी, की करार संपायच्या दिवशी मॅनेजरने गुलाब पाठवले तर नटीने पुढच्या वर्षीचे कपडे शिवायला टाकावेत. कार्नेशन पाठवली तर गाशा गुंडाळावा. इतरांनी ही रीत कधीच सोडली होती. क्रेपो मात्र जुन्या वळणाचा, म्हणजे भित्रा! कुणाला तोंडाने ‘जा’ म्हणायची छाती नाही, मेला फुलांच्या आड लपतो.

आणि ही फुलं होती ऑर्तांस ब्रियालसाठी. एकोणतीस वर्षं ती इथे गात होती, त्यातली बावीस वर्षं मी तिचे कपडे सांभाळत, झग्याचे पाठीवरचे हुक लावत होते. ल आव्हरच्या गोदीतल्या हमालाची पोर, सतराव्या वर्षी एका पेटीनिशी आलेली. सिनेमांतही कामं केली तिने. अकरा सिनेमे, आणि त्यातल्या सातांत तिचा खून होतो. “तिकडे मला मरायला बोलावतात गं, लेओन्तीन,” ती मला म्हणायची. “गायचं ते इथेच.”

मग माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. आजचा दुपारचा खेळ तरी सुखाने गाऊ दे, सांगायचं ते नंतर सांगू, असं म्हणत मी ती फुलं टोपीच्या पेटीत कोंबली. मेट्रोच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवालीकडून गुलाब आणले आणि क्रेपोचं कार्ड त्यांत खोचून आरशापुढे ठेवले.

अडीचला ऑर्तांस आली. उंबऱ्यातूनच तिला गुलाब दिसले. ती टोपीसकट स्टुलावर बसली, कार्ड वाचलं, आणि एकदम उठून तिने माझे दोन्ही गाल धरले.

“पाठवले गं मेल्याने!”

मग थांबून तिने नाक वर केलं. “लवंगेसारखा वास कसला येतोय?”

कार्नेशनला लवंगेचा वास येतो, हे मी साफ विसरले होते.

“दात दुखतोय माझा,” मी म्हटलं. “लवंगेचं तेल लावलंय.”

“मग उपटून टाक की! सासूसारखा सांभाळतेस काय त्याला?” असं म्हणून ती हसत हसत खाली ॲन्सेल्मच्या खोलीत फोन करायला गेली. तिच्या बाहीचा टाका उसवला होता म्हणून सुईदोरा घेऊन मी मागोमाग गेले.

“ब्रियाल बोलतेय,” ती फोनवर सांगत होती. “नाही हो, मला नाही जमायचं. आईची भूमिका आहे, माहीत आहे मला. शेवटपर्यंत जगते, गाणंही आहे, सगळं माहीत आहे. पण माझं इथे पुढे चालू राहतंय.”

तिने फोन ठेवला.

“तुला मुद्दाम बोलले नव्हते,” ती म्हणाली. “सही व्हायच्या आत सिनेमाचं बोललं की तो फिसकटतो. आज तीनच्या आत उत्तर हवं होतं त्यांना, म्हणून फुलांची वाट बघत होते. अगं, रडतेस काय? एवढा दुखतोय दात?”

“बाई, परत फोन करा. तुमच्या पाया पडते, आत्ताच्या आत्ता करा.”

“वेड लागलंय का तुला?”

तेवढ्यात दारात क्रेपो उभा राहिला, हातात हॅट फिरवत. “मादाम, फुलं मिळाली असतील. मला फार वाईट वाटतंय हो. मालकांना आता तरुण मुली हव्यात.”

“गुलाब पाठवलेत, आणि वाईट वाटतंय?”

“गुलाब?” क्रेपोने ॲन्सेल्मकडे पाहिलं. ॲन्सेल्मने जमिनीकडे पाहिलं. ऑर्तांसने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने पुन्हा फोन लावला. पलीकडचं ऐकून घेतलं. “दहा मिनिटांत दुसरी ठरलीसुद्धा?” ती म्हणाली. “बरोबर आहे, खोळंबून कोण बसणार! तिला सांगा, चांगली भूमिका आहे, नीट कर म्हणावं.”

क्रेपो चाचरला. “हवं तर आजचं तुमचं गाणं आपण...”

“करार आज संपतोय, क्रेपो. काल नाही संपला.”

वर खोलीत आल्यावर मी दार लावून घेतलं. “मारा मला, बाई. माझ्यामुळे तुमचं दोन्हीकडचं गेलं.”

ती आरशासमोर बसली होती. माझ्याकडे वळून म्हणाली, “कुठला दात दुखत होता तुझा? दाखव बघू.”

मी टोपीची पेटी उघडली. चुरगळलेल्या फुलांतलं त्यातल्या त्यात धड होतं ते तिने उचललं आणि काळ्या झग्यावर छातीशी टाचलं. वेळ झाली म्हणून सांगायला आलेला ॲन्सेल्म ते बघून छातीवर क्रूसाची खूण करायला लागला. “मादाम, हे फूल घालून स्टेजवर? आजवर कुणी...”

“अपशकुन व्हायचा तो होऊन गेला, बाबा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाठ करून बसली. “हुक लाव. नेहमीसारखे.”

शेवटचा हुक माझ्या हातून तीनदा सुटला.

चार गाणी गायली तिने. लोकांना काय कळणार! रविवारच्या दुपारी पडतात तेवढ्या टाळ्या पडल्या. फक्त म्हाताऱ्या अकॉर्डियनवाल्याने ते फूल पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून खुर्चीखाली ठेवली आणि तसाच बोडक्याने वाजवत राहिला.

त्यानंतरच्या वर्षांत माझे तीन दात खरोखरच दुखले, आणि पडले. लवंगेचं तेल मी लावलं नाही.