रबरी बाळाचं जहर

वल्लरीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून देवासची ही भाची पत्र लिहिते. "मामा, बाळाचा गोवरच्या लसीचा टीका राहिलाय. सासूबाई म्हणतात, नको. आधीच्या टीक्यांचं जहरही इंदूरच्या महाराजांकडून काढून घेऊ. तुम्ही डॉक्टर घडवता. तुम्ही म्हणाल तसं करीन." मी मसुदे लिहून फाडत राहिलो. माझ्या शब्दावर एका बाळाचा जीव? मी कोण मोठा लागून गेलो!

मग लसीकरणाच्या तासाला माझा एक विद्यार्थी, पियुष, उठला. "सर, माझ्या मौसीनं पाहिलंय. महाराजांकडं बाळाचे पाय बुडवले की पानी सच में तांबडं होतं." कोणी हसलं नाही. उद्याचे डॉक्टर माना डोलावत होते. मला शिसारी आली.

"चला, बघूनच येऊ," मी म्हणालो.

इंदूरच्या खजराना वस्तीपलीकडच्या मंडपात आयांची रांग लागली होती. महाराजांसमोर मिठाच्या पाण्याचं घमेलं, तळाशी लोखंडी पट्ट्या, तारा गादीखालच्या पेटीत गेलेल्या. महाराज बाळांना शिवत नसत. आईनंच बाळाचे पाय बुडवायचे. पाणी तांबडं होई, वर घाणेरडा फेस येई. आया रडत, टीका देणाऱ्या नर्सला शिव्या देत. अंगभर पुरळ उठलेलं एक पोर तान्ह्यांच्या अंगावर खोकत होतं.

"देखो, टीके का जहर फूट रहा है!" महाराज गरजले.

तो उघड गोवर होता.

माझी विद्यार्थिनी ईशा पुढे झाली. कुशीत दुपट्ट्यात गुंडाळलेलं बाळ. "महाराजजी, चेहरा नहीं खोलूँगी. नजर लगती है."

"पैर डुबो दे, बेटी. वाह, कितना शांत बच्चा!" पाणी तांबडं झालं. "हे राम! कितने टीके ठोके हैं इसको!"

ईशानं दुपट्टा ओढला. आमच्या वर्गातली रबरी बाहुली. मांडीची चाळण झालेली.

"बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "आमची अख्खी बॅच हिच्यावरच सुई टोचायला शिकली."

"अरे भिया, गुड़िया का जहर!" मागून कोणी तरी ओरडलं.

पियुषनं पाणी बदललं, मीठ टाकलं. या वेळी कोणाचेच पाय नव्हते. पाणी तरीही तांबडं झालं. पेटीत बॅटरी होती. विजेनं मिठाच्या पाण्यात लोखंड भराभर गंजत होतं. हे मी फेसाळलेली पट्टी हातात उचलून सगळ्यांना सांगितलं. पुरळवाल्या पोराला घेऊन पियुष दवाखान्यात गेला, मान खाली घालून.

घरी येताच लिहिलं: "वल्लरी, पत्र मिळताच बाळाला गोवरचा टीका दे. थोडा ताप आला तर घाबरू नकोस. घमेल्यात गंजतं ते लोखंड. सासूबाईंना म्हणावं, विश्वास ठेवण्याआधी एकदा पाय बाहेर काढून पाहा, पाणी तरीही तांबडंच होतं."

बोटांना त्या फेसाचा वास येत होता. हात धुतले आणि पाकीट स्पीड पोस्टनं पाठवून दिलं.