बुधाजीची हाक

दिवेलागण झाली की माझ्या खिडकीत हाक येते. "करंट हाय रे! मांगं फिर, बापू, मांगं फिर!" भातकुलीत माझं घर अगदी टोकाला, लगेच शेत सुरू. तिथे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बुधाजी उभा असतो. समोर हरभऱ्याचं रिकामं रान. तारही नाही. रानडुकरांसाठी शेतमालकाने वीज सोडलेली ती तार पोलिसांनी मागच्याच हंगामात काढून नेली, गावातला पोरगा पियुष तिला चिकटून मेला तेव्हा.

गाव म्हणतं, बुधाजीला पियुष दिसतो. मी निवृत्त शिक्षिका, त्यात ख्रिस्ती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी हाक आली की मी खिडकी लावून घेते. भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

दर शुक्रवारी दुपारी प्रार्थनासभा माझ्याच ओसरीवर भरते. तेव्हा आम्ही जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्यापर्यंत आलो होतो. गोल बसायचं, पाळीला येईल ते वचन वाचायचं, आणि शेवटी मी विचारायचं, "यात ख्रिस्त कुठे दिसतो?" उत्तरं ठरलेली असतात. संदेष्टा कोणताही असो, पश्चात्ताप आणि तारण म्हटलं की झालं, सगळ्यांचे डोळे चहाकडे.

बुधाजी त्याच शेताचा राखणदार. सभा कधी चुकवत नाही. त्या शुक्रवारी मात्र तो बोटाने पुढची वचनं मोजत बसला आणि हळूच उठून जागा बदलून बसला. उभा जन्म वर्गात गेला माझा, मला ही चलाखी कळणार नाही? वाटलं, अवघड शब्द टाळतोय म्हातारा. जरा फजिती करू.

"आज पाळी उलट्या बाजूने," मी जाहीर केलं.

वचन नेमकं बुधाजीवर आलं. पहारेकऱ्याचं. तलवार येताना दिसूनही ज्याने शिंग फुंकलं नाही, त्याच्या हातून देव मेलेल्याच्या रक्ताचा जाब मागेल, अशा अर्थाचं. बुधाजी अर्ध्यावर थांबला. त्याने चष्मा काढला. शेजारी सत्यवती होती, पियुषची आई.

"त्या दिवशी मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "पोलिसाले खोटं सांगतलं. मले दिसला होता पियुष, तारीकडे येताना. वाटलं, हरभऱ्याचे घाटे चोराले आला. म्हटलं, बसू दे एक झटका, अक्कल येईन. मले काय मालूम, मालकानं एवढा करंट सोडला हाय? एक हाक माराची होती पोरी. एकच. नाही मारली."

माझा ठरलेला प्रश्न त्या दिवशी राहूनच गेला. सत्यवतीने त्याच्या हातातून पवित्र शास्त्र घेतलं. पाळी तिचीच होती. ती सपाट आवाजात एकामागून एक वचनं वाचत गेली. दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही, त्याने फिरावं आणि जगावं, इथे आल्यावर तिचा आवाज फाटला. शास्त्र तिथेच ठेवून ती अनवाणी निघून गेली.

मला सगळ्यांचा राग आला. त्याचा, माझ्या आगाऊपणाचा आणि संदेष्ट्याचासुद्धा. हजारो वर्षांपूर्वी बाबेलात बसून याने आमच्या धुऱ्यावरचं कसं सांगून ठेवलं?

संध्याकाळी हाक आलीच. या वेळी मी खिडकी लावली नाही. अंधुक उजेडात रानातून कोणीतरी चालत येत होतं, पियुष आला होता त्याच बाजूने. मी कधी बाहेर पडले, कळलं नाही.

बुधाजीनेही ते पाहिलं होतं. "मांगं फिर! बापू, तुया पाया पडतो, मांगं फिर!" ओरडता ओरडता तो गुडघ्यांवर बसला. तार जिथे होती, तिथे ती आकृती थांबली.

"आयकलं, भाऊ," आवाज सत्यवतीचा होता.

बुधाजीने मान वर केली.

"त्याले मीच धाडलं होतं," ती म्हणाली. "ओल्या हरभऱ्याच्या सोल्याची भाजी कराची होती. मालकाच्या वावरातून आण म्हटलं, कोण पायते. वरीसभर कोणाले सांगतलं नाही म्या. आज ते वचन तुमच्यावर आलं, पण थरथर कापत मी होती."

मग ती तारेच्या जागेवरून पुढे आली. तिने हात पुढे केला. बुधाजीची तो धरायची हिंमत होईना. त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले, माझ्या वर्गातली पोरं छडीला भिऊन लपवायची तसे.

सत्यवती वाकली आणि तिने त्याचा हात ओढून आपल्या हातात घेतला. रक्ताचा जाब ज्या हाताकडे मागितला होता, तोच.

"चाला घरी," ती म्हणाली. "आता हाक मारू नका. पोचली."