पाचव्या लेनमधली पिवळी टोपी

पोहायला शिकवणाऱ्या मॅडमना सगळी मुलं टरकून असत. पण पाचवी लेन रिकामी झाली की मॅडम बोलता बोलता थांबत. तिथे त्यांना एक पिवळी टोपी दिसे. वर यायची, खाली जायची, मग नुसतीच खाली.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. त्या टोपीखालच्या मुलीला टाइप वन डायबेटिस होता. त्या दिवशी ती कठड्याला धरून थांबली. "मॅडम, हात जड झालेत."

"नाटकं पुरे. अजून दोन फेऱ्या."

दुसऱ्या फेरीत ती दिसेनाशी झाली. मॅडमनी कपड्यांनिशी उडी टाकून तिला बाहेर काढलं. दवाखान्यात ती शुद्धीवर आली. रक्तातली साखर एकदम उतरली होती. आईबापांनी मॅडमचे हात धरून आभार मानले. मुलीला काहीच आठवत नव्हतं, आणि मॅडमनी कुणाला काही सांगितलं नाही. मुलगी मात्र पुन्हा पाण्यात उतरली नाही.

आणि आता ही भिंगरी आली. नऊ वर्षांची, तोच आजार, पायाला नुसती चाकं. मॅडमनी तिला महिनाभर उथळ पाण्यातच ठेवलं. दर पाच मिनिटांनी बाहेर काढायचं, बोटाला सुई टोचायची.

"बाकीचे पोहतात, मी काय पाय भिजवायला येते?" भिंगरीने एक दिवस तोंडावर विचारलं.

तिच्या आईनेही विचारलं. "मॅडम, डॉक्टर म्हणतात हिने खेळलंच पाहिजे. तुम्ही का अडवता?"

मॅडमनी आईला कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. नाटकं पुरे, हे शब्दही सांगितले. वाटलं, आता ही बाई मुलीला घेऊन तडक निघून जाईल. बरं होईल एका परीने.

आई बराच वेळ ओला टॉवेल पिळत बसली. त्यात पाणी उरलं नव्हतं.

"हिचं निदान व्हायच्या आधी," ती म्हणाली, "ही सारखी झोपायची, घटाघटा पाणी प्यायची. शाळा बुडवायची नाटकं, म्हणून मी एक धपाटा घातला. त्याच दुपारी ही बेशुद्ध झाली. तो धपाटा हिच्या बाबांनाही माहीत नाही."

बाहेर मुलांचा कालवा चालला होता.

"उद्या खोल पाण्यात उतरवते," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही काठावर थांबायचं."

दुसऱ्या दिवशी साखर तपासून, बिस्किटं खाऊन भिंगरी उतरली. मॅडम काठाने तिच्या बरोबरीने चालत राहिल्या. अर्ध्यावर तिचा हात पाण्यावर नुसताच आपटला.

"मॅडम, कसंतरी होतंय."

त्यांनी तिला तत्काळ वर ओढलं. साखर अडुसष्ट. आईने फळांच्या रसाचा डबा उघडून तिच्या हातात दिला. पंधरा मिनिटं तिघी काठावर बसल्या. मॅडमनी आपले हात मांडीखाली दाबून धरले. पुन्हा तपासलं तर एकशे चार.

"जाऊ?"

मॅडमनी पाण्याकडे पाहिलं. पिवळी टोपी तिथेच होती. ती कुठे जाणार नव्हती, हे त्यांना आता कळलं होतं.

"आधी थोडं खा. थकलीस की लगेच सांगायचं. मी ऐकतेय."

भिंगरीने बिस्किटं खाल्ली, पुन्हा साखर तपासून घेतली आणि पाण्यात शिरली.