उपाशी आण्णा

माझ्या भावाला, बन्सीला, मॅट्रिकच्या वर्षी एक नवा माणूस जन्माला घालायची हौस आली. बाहत्तरचा दुष्काळ पडला होता, विहिरींनी तळ दाखवला होता. तरी मांडवगणच्या शाळेचं संमेलन व्हायचंच होतं, कारण शाळा कमिटीच्या पोपटरावांना हार घालून घ्यायला दुसरं निमित्त उरलं नव्हतं. नाटक बसवणारे सर बन्सीला म्हणाले, "नक्कल माकडही करतं. तू असा माणूस घडव, जो गावात कुठंच नाही."

बन्सी पेटलाच. घरात निरनिराळ्या चालींनी चालून बघायचा, आवाज बदलून बोलायचा. शेवटी त्याला उपाशी आण्णा सापडला. जिथं पंगत बसेल तिथं हा आण्णा हजर. पोटावर हात ठेवून म्हणणार, "आमचा आज उपास हाय बरं का," आणि तिघांचं जेवण एकटा हाणणार. पोपटरावांना मिशा, म्हणून आण्णाला मिशा दिल्या नाहीत. पोपटराव जाडजूड, म्हणून आण्णा काडीसारखा. पोपटराव हळू बोलायचे, म्हणून आण्णा ओरडायचा. मी म्हटलं, "शहाण्या, एवढं टाळून टाळून तू त्यांनाच लिहिलंयस." पण मॅट्रिकच्या पोराला बहीण काय सांगणार?

संमेलनात आण्णा आला आणि लोक हसून लोळले. मग एकेक मान पोपटरावांकडं वळायला लागली. दुष्काळाच्या धान्याची पोती कुणाच्या पडवीत उतरतात, हे साऱ्यांना ठाऊक होतं. पोपटरावांचं हसू विझलं. माणूस मात्र पक्का बेरकी. उभे राहिले, मागं जमिनीवर बसलेल्या आमच्या आबांकडं बोट केलं आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर आपला म्हाळू! पोरानं सख्ख्या बापालाच उभा केला की!"

हसू दुप्पट झालं. केवढी सोय झाली गावाची! पोपटरावांना हसायची छाती कुणाची होती? बौद्धवस्तीतल्या, हाडं निघालेल्या म्हाळूला हसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. बन्सी स्टेजवरून ओरडत राहिला, "न्हाई, माझा बाप न्हाई त्यो!" लोकांना तेही नाटकातलंच वाटलं.

आबा दौंडच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. दुपारी तिथं सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड भुगा, वाटायचे; आमच्या घरात तेवढंच काय ते खायला असायचं. दुसऱ्या दिवशी आबांनी फडकं पुढं केलं तर मुकादम हौसराव म्हणाला, "आण्णा, तुमचा तर आज उपास ना?" आणि मागच्याला वाढलं. सगळे हसले. उपाशी माणसंही हसली, याचा मला आजही संताप येतो. आबा रिकामे आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही रिकामेच आले.

तिसऱ्या दिवशी फडकं भरून आलं. आम्हाला वाटलं, हौसरावाला दया आली. दया कसली! त्याच कामावर जाणाऱ्या शेजारच्या सोजराबाईनं सगळं सांगितलं. आबांनी पोटावर हात ठेवला, "आमचा आज उपास हाय बरं का" असं ओरडत ते रांगेपुढं आण्णाच्या चालीनं चालले. हौसरावानं डोळे पुसत त्यांना दोनदा वाढलं.

बन्सीनं सुकडीला हात लावला नाही. "आबा, उद्यापासनं असलं करू नका," तो म्हणाला. "मी शाळा सोडतो. मीच येतो खडी फोडाया."

"आन् तुला कोण वाढंल?" आबा म्हणाले. "पोपटरावाचा भाचा हाय त्यो मुकादम." धाकटी अंजना बोटं चाटत होती, तिच्याकडं ते बघत राहिले. "त्यापरीस येक कर. आज हसला त्यो. उद्या त्येच केलं तर हसंल व्हय? आण्णानं आनखी काय बोलावं, त्ये सांग मला."

बन्सी रडला. खूप रडला. आणि रडता रडता विचार करायला लागला, ते मला दिसत होतं. मग उठून त्यानं आबांना नवे बोल सांगितले. पडायचं कसं, पडल्या पडल्या हात पुढं कसा करायचा, तेही दाखवलं. आबा चुकले तिथं थांबवून पुन्हा करायला लावलं. पहिल्या आण्णापेक्षा हा आण्णा चांगला जमला होता.

अंजना खदखदून हसली.

आबा अंग झाडत उठले. म्हणाले, "ह्ये चालंल."