शेजारच्या खुर्चीतल्या बाई

बबडीला लेखनिक मिळाला, तो काही कुणी ताटात वाढून दिला नव्हता. पोरगी आठवीत, डोकं तल्लख, बोलायला लागली की भल्याभल्यांची बोलती बंद. पण कागदावरची अक्षरं तिला जुमानतच नव्हती. वर्गशिक्षिका म्हणे, आळस, दुसरं काय! बाप म्हणे, तुझ्या लाडानं डोक्यावर बसलीय. मुख्याध्यापक तर विचारत, हिला सवलत दिली तर बाकीच्या मुलांनी काय घोडं मारलंय? डॉक्टरांनी तपासून दाखला दिला, तोही शाळेला नाटकच वाटला. आईनं उंबरे झिजवले, नको नको त्यांच्यापुढे हात जोडले, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. पोरीनं तोंडी उत्तर द्यायचं आणि शेजारी बसून निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंनी ते जसंच्या तसं उतरवायचं.

पहिला पेपर भूगोलाचा. बबडी घरी आली ती तोंड पाडूनच. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मी बोलायची थांबले तरी बाईंचा हात चालूच होता."

नदीकाठी शहरं का वसली, असा प्रश्न होता. बबडीनं सांगितलं होतं, की पाणी हवं हे खरं, पण आधी दोन-चारच घरं आली असतील आणि मग त्यांचं बघून बाकीचे आले. माणसं पाण्यापेक्षा माणसांना भुलतात. आईला हे ऐकून पोरीची दृष्ट काढावीशी वाटली. बाईंनी मात्र लिहून वाचून दाखवलं होतं: पाणी, सुपीक जमीन, वाहतूक.

आई दुसऱ्याच दिवशी बाईंना गाठायला गेली. बाईंनी काही लपवलं नाही, उलट मायेनं हसल्या. म्हणाल्या, पोर भलतंच काहीतरी सांगत होती, मी आपलं सरळ केलं. बिचारीचे गुण का जावेत? बाई मनानं वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं.

तक्रार करावी, तर मुख्याध्यापक टपूनच बसले होते. सवलत गेली असती, वर्ष गेलं असतं, आणि बापाला "मी सांगत नव्हतो?" म्हणायला रान मोकळं. आईनं रात्रभर स्वतःचाच जीव खाल्ला आणि सकाळी गप्प राहायचं ठरवलं.

बबडीला ते पटेना. मग मी कशाला जाऊ, बाईंनाच पाठव, म्हणून हटून बसली. आईचा तोल सुटला.

"पास व्हायचंय ना? मग गप्प बस!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. पण शब्द मागे घ्यायला वेळ नव्हता. इतिहासाचा पेपर होता, उशीर होत होता.

पेपर सुटल्यावर बाई फाटकापर्यंत आल्या, अगदी खुशीत. बबडी मागून येत होती, खाली मान घालून.

"आज किती शहाण्यासारखी वागली तुमची लेक," बाई म्हणाल्या. "तीन तास तोंडातून चकार शब्द काढला नाही. हा पेपर सगळ्यांत छान गेलाय बघा."

आईनं बाईंचे आभार मानले.